परवान्याचा कागद आणि परदेशस्थ हिंदी माणसाचा हक्क

दुकानाचा परवाना ही वस्तू दिसावयास अगदी क्षुल्लक. चौकटीत बसविलेला एक छापील कागद, त्यावर एक शिक्का, एक सही आणि फी भरल्याची नोंद. गिऱ्हाइकाची नजर तिकडे क्वचितच वळते, आणि दुकानदारालाही त्याची आठवण वर्षातून एकदाच, नूतनीकरणाच्या वेळी होते. परंतु ज्या माणसाला मताधिकार नाही, ज्याची बाजू मांडणारा कायदेमंडळात कोणी नाही, त्याच्या बाबतीत हाच कागद म्हणजे त्याचे घर, त्याची मुलेबाळे आणि त्याची अब्रू यांचा एकमेव आधार होऊन बसतो. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचा इतिहास हे सत्य मोठ्या स्पष्टपणे दाखवितो. आपल्या सीमेबाहेर आपल्या माणसांवर अन्याय होत असता मायदेशाने काय करावे, हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्नही याच इतिहासातून उभा राहिला.

इ. स. १८६० च्या नोव्हेंबरची १६ वी तारीख. मद्रासेहून निघालेले ‘ट्रुरो’ नावाचे जहाज त्या दिवशी नाताळच्या बंदरास लागले. त्यातून उतरलेली माणसे उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारबद्ध होऊन आलेली होती. ‘अ‍ॅग्रिमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले आणि ती माणसे ‘गिरमिटिये’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कराराची मुदत पाच वर्षांची. पहिल्या वर्षी दरमहा १० शिलिंग आणि पुढे दर वर्षी एक-एक शिलिंग वाढ. या पद्धतीने १८६० पासून १९११ पर्यंत सुमारे १,५२,००० माणसे नाताळात नेण्यात आली. गोऱ्या मळेवाल्यांनी त्यांना आपण होऊन बोलाविले होते, ही गोष्ट पुढील सर्व वाद समजून घेताना विसरता कामा नये.

मजूर गेले, त्यांच्या पाठोपाठ व्यापारी गेले. गुजरात-काठियावाडकडील मेमण, बोहरी आदी मुसलमान व्यापारी स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून तेथे पोहोचले. मजुरांना लागणारे तांदूळ, डाळ, मसाले आणि कापड त्यांनी प्रथम विकावयास आणले. पुढे झुलू लोक त्यांचे गिऱ्हाईक झाले, आणि काही काळाने गरीब गोरे लोकही त्यांच्याच दुकानाची पायरी चढू लागले. हे व्यापारी थोड्या नफ्यावर समाधान मानीत, दुकानाच्या मागेच राहत, दूर खेड्यात जाऊन बसत. गिऱ्हाइकाला ते सोयीचे होते; शेजारच्या गोऱ्या किरकोळ दुकानदाराला मात्र ते सलू लागले. यात मौजेची गोष्ट ही की, डर्बनच्या ज्या मोठ्या गोऱ्या पेढ्या घाऊक माल विकीत, त्याच या हिंदी दुकानदारांना उधारीवर माल देत असत. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याला हिंदी माणूस हवा होता, मळेवाल्याला हवा होता, गिऱ्हाइकालाही हवा होता. त्याच्याशी स्पर्धा करावी लागणाऱ्यालाच तो नको होता. परंतु नगरसभांमध्ये बसत होता तो हा स्पर्धकच.

१८९३ साली नाताळला जबाबदार राज्यपद्धती मिळाली. त्या सुमारास तेथील गोऱ्यांची व हिंदी लोकांची संख्या जवळजवळ सारखी होऊ लागली होती, आणि मूळच्या आफ्रिकी लोकांची संख्या दोहोंच्या कितीतरी पट अधिक होती. सत्ता हाती येताच हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेण्याचे विधेयक १८९४ साली पुढे आले. एका व्यापारी पेढीच्या खटल्यासाठी आलेले तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी त्यामुळेच तेथे राहून गेले. सुमारे १०,००० सह्यांचा अर्ज विलायतेस गेला आणि १८९४ च्या ऑगस्टमध्ये नाताळ हिंदी काँग्रेसची स्थापना झाली. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी ते विधेयक नामंजूर केले, कारण त्यात आशियाई लोकांचा उल्लेख नावानिशी केलेला होता. साम्राज्यातील एका प्रजेला कायद्याने उघड हलके लेखणे लंडनला अडचणीचे वाटत होते. नाताळने त्यातून जो बोध घेतला तो असा की, नाव न घेता तेच काम करता येते. १८९६ साली मताधिकाराचा दुसरा कायदा झाला. ज्या देशांत पार्लमेंटच्या धर्तीच्या प्रातिनिधिक संस्था नाहीत तेथील लोकांना त्याने मत नाकारले. ‘हिंदी’ हा शब्द त्यात कोठेही नव्हता. १८९७ साली लंडनला वसाहतींच्या प्रधानांची परिषद भरली तेव्हा खुद्द चेंबरलेन यांनी ही नाव न घेण्याची रीत इतर वसाहतींनाही सुचविली.

याच रीतीने १८९७ साली घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांच्या परवान्यांचा कायदा जन्मास आला; त्या वर्षाचा तो १८ वा कायदा. त्यातील कलमे वाचणाऱ्या त्रयस्थाला त्यात गैर असे काही चटकन दिसणार नाही. प्रत्येक नगरसभेने एक परवाना-अधिकारी नेमावा. दुकानाची जागा आरोग्यदृष्ट्या योग्य असावी. हिशेबाच्या वह्या इंग्रजीत असाव्यात. परवान्यावाचून व्यापार करील त्यास २० पौंडांपर्यंत दंड व्हावा. यात अन्याय्य ते काय? गावच्या आरोग्याची काळजी नगरसभेने वाहू नये काय? दिवाळे निघाल्यास सावकारांना वह्या वाचता येऊ नयेत काय? कायद्याचे पुरस्कर्ते हेच प्रश्न विचारीत, आणि ते प्रश्न निव्वळ ढोंगाचे होते असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. काही दुकाने खरोखर अस्वच्छ असत. गांधींनी स्वतः हिंदी वस्तीत स्वच्छतेसाठी खटपट केली आणि त्यापायी स्वकीयांचा रोषही पत्करला.

परंतु कायद्याचे विष त्याच्या अटींत नव्हते, ते त्याच्या यंत्रणेत होते. परवाना देणे अगर नाकारणे हे सर्वस्वी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेले होते. अधिकारी नगरसभेचा नोकर. त्याच्या निकालावर अपील करावयाचे ते शहरांत त्याच नगरसभेकडे. आणि नगरसभेत बसलेले बरेचसे सभासद स्वतः दुकानदार. तेथून पुढे न्यायालयाचा दरवाजा कायद्याच्या शब्दांनीच बंद केलेला. तात्पर्य, ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याकडेच अर्ज, त्याच्याकडेच अपील आणि त्याचाच निकाल अखेरचा! ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर किल्ल्यांबरोबर न्यायासनही देऊन टाकलेले होते.

हा कायदा प्रत्यक्षात कसा चाले याचे उत्तम उदाहरण म्हणजे १८९८ सालचे सोमनाथ महाराज यांचे प्रकरण. गिरमिटाची मुदत पुरी करून स्वतंत्र झालेल्या या गृहस्थाने डर्बनमध्ये दुकानासाठी परवाना मागितला. जागेविषयी आरोग्यखात्याची तक्रार नव्हती. तरीही अर्ज नामंजूर झाला. नगरसभेपुढे अपील झाले, गांधींनी काम चालविले, नकाराचे कारण मागितले. पण ते सांगण्यात आले नाही. प्रकरण नाताळच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. कायद्याने न्यायालयाला निकालात हात घालता येत नव्हता. परंतु अपील ऐकण्याची रीतच गैर होती, कारणे द्यावयास हवी होती, अशा मुद्द्यावर न्यायाधीशांनी ती कारवाई रद्द ठरविली. हिंदी वस्तीला क्षणभर आनंद झाला. पुन्हा सुनावणी झाली, आणि या वेळी नगरसभेने कारण दिले. ते असे की, या प्रकारचा व्यापार शहरात पुरेसा आहे! अर्ज पुन्हा नामंजूर. न्यायालयाने मिळवून दिलेला विजय एका वाक्यात पुसला गेला. न्यूकॅसल गावच्या परवान्यांचा प्रश्न तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेण्यात आला. परंतु कायद्याने अपिलाचा हक्क काढून घेतला असता न्यायालय तो देऊ शकत नाही, हाच अर्थ १८९८ च्या अखेरीस तेथे कायम झाला.

पुढे विलायतेहून पडलेल्या दडपणामुळे नाताळ सरकारने नगरसभांना सूचनापत्र पाठविले. अधिकार बेताने वापरा, प्रस्थापित दुकानदारांना उगाच उठवू नका, नाही तर अपिलाचा हक्क परत देण्याची पाळी येईल, असा त्याचा आशय. यातील मेख ध्यानात घेण्यासारखी आहे. हिंदी व्यापाऱ्याला हक्क म्हणून काहीच मिळाले नाही. मिळाली ती दया. आणि दया दर वर्षी नव्याने मागावी लागते! जानेवारी उजाडला की माल भरलेल्या दुकानात बसून, या वर्षी सही होते की नाही याची वाट पाहावयाची, असे जिणे शेकडो कुटुंबांच्या वाट्यास आले. हिंदी व्यापाऱ्यांचे परवाने दहा वर्षांत बंद करण्याचे विधेयक नाताळने १९०८ साली संमत केले, तेव्हा मात्र लंडनने संमती नाकारली. १९०९ साली नूतनीकरणाच्या नकारावर न्यायालयात अपील करण्याची सोय झाली. नव्या अर्जदारांना ती सोय नव्हती.

आता हिंदुस्थानकडे वळावे. परतंत्र देशाने अशा वेळी काय करावे? फौज नाही, आरमार नाही, परराष्ट्रखाते नाही. सभा, अर्ज आणि वर्तमानपत्रे एवढीच साधने. १८९६ साली गांधी हिंदुस्थानात आले असता मुंबईस फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सर फिरोजशहा मेहता यांच्या पुढाकाराने सभा झाली. पुण्यात ते टिळकांना भेटले, गोखल्यांना भेटले, आणि उभय पक्षांना मान्य असे अध्यक्ष म्हणून डॉ. भांडारकर यांचे नाव पुढे आले. पुण्यातील दोन पक्षांचे सहसा एकमत न होण्याचे ते दिवस. परंतु या प्रश्नावर ते झाले. १९०९ साली रतनजी टाटा यांनी ट्रान्सवालच्या सत्याग्रहासाठी २५,००० रुपये दिले. तथापि सभा आणि वर्गण्या यांनी नगरसभेचा अधिकारी बधत नाही, हेही स्पष्ट होत गेले.

तेव्हा परतंत्र देशाच्या हाती एक हत्यार आहे, हे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ओळखले. नाताळला हिंदी दुकानदार नको होता, हिंदी मतदार नको होता. पण हिंदी मजूर हवा होता. मजुरांची भरती हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने चाले. म्हणजे ती बंद करण्याची सत्ताही त्याच सरकारकडे. १९१० च्या फेब्रुवारीच्या २५ तारखेस गोखल्यांनी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात ठराव मांडला की, नाताळसाठी होणारी गिरमिटी मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा. ठरावामागचा विचार सरळ होता: ज्या देशाला माणसाचे हात पाहिजेत, त्याने माणूसही पत्करला पाहिजे. सरकारने ठराव स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. वसाहतीने केलेल्या अन्यायाला हिंदुस्थानने कायद्याने दिलेले हे पहिले ठोस उत्तर म्हटले पाहिजे.

परंतु हत्यार एकदा चालविले की हातचे जाते, हीही त्यातली अडचण होती. नवे मजूर बंद झाल्यावर मळेवाल्यांचे लक्ष जुन्यांकडे वळले. १८९५ च्या कायद्याने मुदत संपलेल्या गिरमिटियावर, तो पुन्हा करार न करता तेथेच राहिल्यास, दर साल ३ पौंडांचा कर बसविलेला होता. १९०३ सालापासून सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही तो लागू झाला. गिरमिटाच्या पाचव्या वर्षी मजुराचा महिना १४ शिलिंग, म्हणजे वर्षाचे ८ पौंड ८ शिलिंग. त्यातील तृतीयांशाहून अधिक एवढ्या रकमेचा हा कर. तो न झेपल्यामुळे माणूस पुन्हा गिरमिटात शिरे, आणि मळेवाल्याला हवे होते तेच होई. म्हणजे हिंदुस्थानने दार बंद केले तरी आत असलेल्यांची सुटका आपोआप झाली नाही.

हे जाणूनच गोखले १९१२ च्या ऑक्टोबरात, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, दक्षिण आफ्रिकेस गेले. केपटाऊनपासून डर्बनपर्यंत त्यांनी प्रवास केला, प्रिटोरियास जनरल बोथा व जनरल स्मट्स यांची भेट घेतली, आणि तीन पौंडांचा कर रद्द होईल असा विश्वास घेऊन ते बाहेर पडले. गांधींना त्याविषयी शंका वाटत होती, व ती खरी ठरली. पुढील वर्षी कर उठला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये एका न्यायालयीन निकालाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेल्या विवाहांची कायदेशीर मान्यता धोक्यात आली. मग मजुरांचा संप झाला. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले गांधींच्या मागून ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे चालू लागली. इकडे गोखल्यांनी रोगशय्येवरून पैसा उभा केला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासेस जाहीरपणे सहानुभूती व्यक्त केली. १९१४ साली तीन पौंडांचा कर गेला, विवाहांना मान्यता मिळाली.

आणि परवान्याचा कायदा? तो राहिला. गांधी-स्मट्स तडजोडीतच गांधींनी ३० जून १९१४ च्या पत्रात नोंदवून ठेवले होते की, निरनिराळ्या प्रांतांतील परवान्यांचे कायदे बदलले नाहीत याबद्दल काही हिंदी लोक असंतुष्ट आहेत. मजुराच्या कराला देशभर आवाज मिळाला, कारण तो उघड जुलूम होता. दुकानदाराच्या परवान्याला तो मिळाला नाही, कारण तो दिसावयास नियम होता. उघड अन्यायाविरुद्ध माणसे रस्त्यावर येतात. नियमाच्या वेषातील अन्यायाविरुद्ध अर्ज करीत राहतात.

यानंतर तीस वर्षांनी प्रश्न पुन्हा पेटला. १९४३ साली हिंदी लोकांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि १९४६ साली त्याहून कडक असा दुसरा. या वेळी हिंदुस्थानच्या बाजूने पुढे आलेल्यांत दोन मराठी नावे आहेत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते. ‘जशास तसे’ या तत्त्वावरील परस्परता कायदा १९४४ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकांना लागू करविला. हिंदुस्थानात राहणारे दक्षिण आफ्रिकी ते किती! तेव्हा त्याचा व्यवहारात परिणाम थोडा. पण हिंदुस्थान सरकारने अपमानाची परतफेड कायद्याने केली, हे लोकांना मोठे वाटले. दुसरे नाव दक्षिण आफ्रिकेतील हिंदी हायकमिशनर रामराव देशमुख यांचे. १९४६ साली त्यांना सरकारने परत बोलाविले.

त्याच वर्षी १७ जुलैपासून हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. या उपायावर तेव्हाही वाद झाला आणि तो वाद आजही निकालात निघालेला नाही. एक पक्ष म्हणे, व्यापार बंद केल्याने तेथील गोऱ्या सरकारचे काय जाते? त्यांना तागाची पोती हवी असतील तर ती दुसऱ्या मार्गाने मिळतील. झळ लागेल ती हिंदी कापड, तांदूळ व मसाला यांवर ज्यांची दुकाने चालतात त्या आपल्याच लोकांना. या आक्षेपात तथ्य होते. परंतु दुसऱ्या पक्षाचे उत्तर अधिक वजनदार होते. दक्षिण आफ्रिकी हिंदी काँग्रेसच्या शिष्टमंडळाने १९४६ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉयची भेट घेऊन स्वतःच ही मागणी केली होती. ज्यांना झळ लागणार तेच ती सोसावयास तयार असताना त्यांच्या वतीने घाबरण्याचा अधिकार इतरांना कोठून आला? जूनपासून डर्बनमध्ये डॉ. दादू व डॉ. नायकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू होऊन सुमारे २,००० माणसे तुरुंगात गेली, हे त्या तयारीचेच प्रत्यंतर होय.

हा प्रश्न हिंदुस्थानने संयुक्त राष्ट्रसंघापुढेही नेला. सनदेच्या प्रस्तावनेत मानवी हक्कांचा उल्लेख आणण्यात ज्यांचा हात होता तेच स्मट्स तेथे उभे राहून म्हणाले की, हा आमचा घरगुती मामला आहे. विजयालक्ष्मी पंडित हिंदी शिष्टमंडळाच्या नेत्या होत्या. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, दोन-तृतीयांश बहुमताने, हिंदुस्थानच्या बाजूचा ठराव संमत झाला. सात राष्ट्रे तटस्थ राहिली. अद्याप स्वतंत्र न झालेल्या देशाने मिळविलेला हा विजय होता.

त्याने दक्षिण आफ्रिका सुधारली काय? नाही. १९४८ साली वर्णविद्वेषाचेच धोरण मांडणारा पक्ष तेथे सत्तेवर आला, आणि १९५० च्या वस्तीविभाजन कायद्याखाली पुढे असंख्य हिंदी दुकानदारांना आपल्या जुन्या पेठा सोडाव्या लागल्या. नगरसभेने एकेका परवान्याने जे चालविले होते, ते सरकारने नकाशावर रेघा ओढून पुरे केले. तरी भारताने बहिष्कार उठविला नाही. १९६२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने सर्व सभासद राष्ट्रांना तोच मार्ग सुचविला, तेव्हा भारताला त्या मार्गावर चालू लागून सोळा वर्षे झाली होती. बहिष्कार उठला तो १९९३ साली. आणि १९९४ च्या एप्रिलात तेथील सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एका रांगेत उभे राहून मतदान केले. सत्तेचाळीस वर्षे चाललेल्या बहिष्काराने हे एकट्याने घडविले असे कोणी म्हणणार नाही. ते घडविले मुख्यतः त्या भूमीतील लोकांनी. परंतु पहिले पाऊल कोणी टाकले हेही इतिहास विसरत नाही.

या दीर्घ कथेतून दोन गोष्टी सहज निष्पन्न होतात. परवाना देण्याची सत्ता समाजाला हवीच; स्वच्छता, हिशेब, सुरक्षितता यांची देखरेख कोणी तरी केलीच पाहिजे. परंतु त्या सत्तेला तीन कुंपणे हवीत. नकाराचे कारण लिहून द्यावे, निकाल देणारा स्पर्धक नसावा, आणि अखेरचा शब्द न्यायालयाचा असावा. यांतील एकही कुंपण नाताळच्या कायद्यात नव्हते, म्हणून त्याचे शब्द निर्मळ असूनही त्याचा हात निर्दय झाला. दुसरी गोष्ट परदेशातील अन्यायाच्या प्रतिकाराविषयी. असा प्रतिकार लगेच फळत नाही. पुष्कळदा ज्यांच्यासाठी करावयाचा त्यांनाच त्याची पहिली झळ लागते. म्हणून तो त्यांना विचारून करावा, आणि एकदा आरंभिल्यावर सोडू नये.

सोमनाथ महाराजांचे दुकान उघडले नाही. त्यांच्या अर्जावरचा नकार एका ओळीचा होता. त्या एका ओळीला पूर्ण उत्तर मिळावयास शहाण्णव वर्षे लागली.